छतावर सूर्य, तळाशी कोळसा : नवी मुंबईच्या विजेचा हिशेब

नवी मुंबईत सोलर पॅनल आता नवलाईचे राहिलेले नाहीत. सोसायट्यांच्या गच्च्या, शाळा, कारखान्यांच्या शेड, सगळीकडे ते दिसतात. आता विहार समित्यांच्या बैठकांतही हा विषय निघू लागला आहे. ‘यंदाच्या वर्गणीतून सोलर बसवू, बिलाची कटकट मिटेल आणि पर्यावरणाचेही काम होईल,’ असे तरुण कार्यकर्ते म्हणतात. विचार चांगला आहे आणि आमचा त्याला पाठिंबा आहे.

पण या विषयावर मोबाईलवर फिरणारे निरोप पाहिले तर दोन टोके दिसतात. एक टोक म्हणते, ‘भारताची निम्मी वीज आता हरित झाली, कोळशाचे दिवस संपले.’ दुसरे म्हणते, ‘सोलर हे ढोंग आहे. पॅनल बनवायलाच कोळसा जाळावा लागतो, मग फायदा काय?’ दोन्ही निरोप अर्धे खरे आहेत. ऐकीव गोष्ट, ती कोणीही सांगितलेली असो, तपासल्याशिवाय स्वीकारू नये ही कालाम सुत्ताची शिकवण आपण वर्गात शिकतो. तीच कसोटी इथे लावू. सौर आणि पवन ऊर्जा वाढत असताना ती कोळसा, तेल आणि गॅस या जीवाश्म इंधनांवर अजून कशी आणि किती अवलंबून आहे, त्याची किंमत कोण मोजते आणि आपण काय मागायला हवे, हे या लेखात पाहू.

भर उन्हात सोलर बंद का पडले?

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार नवी मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद पडले. कोरोनाचा काळ होता. रुग्णालये डिझेल जनरेटरवर आली. पडघे-कळवा या ४०० किलोव्होल्टच्या मार्गावर बिघाड झाला आणि बाहेरून महानगरात येणारी वीज तुटली. अत्यावश्यक सेवांची वीज काही तासांत परत आली, पण सर्व भाग पूर्ववत व्हायला संध्याकाळ उलटली.

त्या दिवशी ऊन होते. तरीही ज्या इमारतींवर बॅटरी नसलेले सोलर होते, तिथेही अंधारच होता. अनेकांना याचे कोडे पडते. कारण सोपे आहे. आपल्याकडचे बहुतेक छतावरचे सोलर महावितरणच्या जाळ्याला जोडलेले असते. पॅनलमधून येणारी वीज एकदिश असते. इन्व्हर्टर तिचे घरात वापरायच्या विजेत रूपांतर करतो. ते करताना तो जाळ्यातल्या विजेचा दाब आणि सेकंदाला ५० आवर्तनांची लय पाहून आपली लय जुळवतो. जाळ्यात वीजच नसेल तर जुळवायचे कशाशी? शिवाय खांबावर दुरुस्तीला चढलेल्या कर्मचाऱ्याला आपल्या छतावरून उलटी गेलेली वीज जिवावर बेतू शकते. म्हणून जाळे बंद पडले की हा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो.

आता ही ५० आवर्तनांची लय कोण धरून ठेवते? मुख्यतः मोठ्या वीज केंद्रांमधली फिरती, शेकडो टन वजनाची यंत्रे. पाण्यावर चालणारी काही आहेत, पण आपल्या देशात त्यातली सर्वाधिक कोळशावर चालतात. म्हणजे आपल्या गच्चीवरचे पॅनल दिवसाढवळ्या, स्वच्छ उन्हातही, दूर कुठेतरी जळणाऱ्या कोळशाच्या तालावर चालत असते. अवलंबनाचा हा पहिला धागा.

हजेरीपटावरची नावे आणि प्रत्यक्ष काम

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी आता बिगर-जीवाश्म स्रोतांची आहे. एकूण सुमारे ४ लाख ८५ हजार मेगावॅट, त्यात सुमारे २ लाख ४३ हजार मेगावॅट सौर, पवन, जल, जैवइंधन आणि अणुऊर्जा. २०३० पर्यंत गाठायचे हे लक्ष्य पाच वर्षे आधी गाठले गेले. ही कामगिरी लहान नाही.

पण ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’ यात फरक आहे. क्षमता म्हणजे हजेरीपटावरची नावे. निर्मिती म्हणजे प्रत्यक्ष झालेले काम. हजेरीपटावर दहा कामगार आहेत, पण त्यातले पाच जण फक्त ऊन असताना किंवा वारा असताना येतात, तर महिनाअखेरीस बहुतेक काम उरलेल्या पाच जणांनीच केलेले असते. सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच वीज देतो, कारण रात्र आहे, पावसाळा आहे, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आहे. म्हणून क्षमतेत अर्धा वाटा झाला तरी देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश अजून कोळशाचीच आहे.

आणखी एक गोष्ट. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताचे कोळसा उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या पुढे गेले. त्याच वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, सौर क्षमतेने १ लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. दोन्ही विक्रम एकाच वर्षातले. याचा अर्थ सौर ऊर्जा कोळशाची जागा घेण्याऐवजी बराच काळ कोळशाच्या शेजारी बसत आली आहे. विजेची मागणी वाढत गेली आणि त्या वाढीतला काही भाग सौरने उचलला, काही कोळशाने.

संध्याकाळी सातचा प्रश्न

वाशी, नेरूळ, कामोठे, कुठलाही नोड घ्या. दुपारी घरे रिकामी असतात, सूर्य माथ्यावर असतो. संध्याकाळी सात वाजता माणसे कामावरून परततात. दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, उन्हाळ्यात एसी, सगळे एकदम सुरू होते. नेमके तेव्हा सौर वीज शून्यावर आलेली असते. दोन-तीन तासांत हजारो मेगावॅट दुसरीकडून आणावे लागतात.

ते येतात तीन ठिकाणांहून. पहिले, जलविद्युत. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि तो मागणीच्या वेळी झटपट सुरू करता येतो. आपल्या रायगड-पुणे पट्ट्यात टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे आहेत. खोपोलीचे १९१५ पासूनचे. दुसरे, गॅस. उरणला महानिर्मितीचे ६७२ मेगावॅटचे गॅसवरचे केंद्र आहे. गॅस टर्बाइन लवकर चालू-बंद करता येते, त्यामुळे संध्याकाळसाठी ते सोयीचे. पण पुरेसा गॅस मिळत नसल्याने हे केंद्र वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चालत नाही. मग उरतो तिसरा, कोळसा.

कोळशाचे केंद्र दिव्याच्या बटणासारखे चालू-बंद होत नाही. थंड बॉयलर तापवायला तासन्‌तास लागतात आणि सुरुवातीला तेल जाळावे लागते. म्हणून दुपारी सौर वीज मुबलक असली तरी कोळशाचे संच बंद करत नाहीत, मंद आचेवर ठेवतात. किमान ५५ टक्के भारावर चालणारे संच टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली आणता यावेत, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा २०२३ चा नियम आहे. मंद आचेवर चालणारे केंद्र दर युनिटमागे जास्त कोळसा खाते आणि रोजच्या चढउताराने यंत्रेही झिजतात. हा सौर ऊर्जेचा दोष नव्हे. वीज साठवण्याची सोय आपण वेळेवर उभी केली नाही, त्याची ही किंमत आहे.

साठवणुकीचे दोन मार्ग आहेत. एक बॅटरी, जी स्वस्त होत चालली आहे. दुसरा उदंचन जलविद्युत, म्हणजे दिवसा जादा विजेने पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे आणि कर्जतजवळ भिवपुरीसह सह्याद्रीत अनेक नव्या प्रकल्पांचे करार झाले आहेत. इथे सावध राहायला हवे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झाले, गावे बुडाली आणि मुंबईला वीज मिळाली. धूर नसलेली वीजही कोणाच्या तरी जमिनीवरच उभी राहते.

पॅनल जन्माला येते तेव्हा

आता दुसऱ्या निरोपाकडे वळू. पॅनल बनवायला कोळसा लागतो हे खरे आहे का? होय, आणि एकदा नव्हे, अनेकदा.

पॅनलचा गाभा म्हणजे सिलिकॉन. ते गारगोटीच्या दगडातून काढतात. दगडात सिलिकॉनला ऑक्सिजन घट्ट चिकटलेला असतो. तो सोडवण्यासाठी विजेच्या भट्टीत दगडाबरोबर कोळसा, कोक किंवा लाकडाचे तुकडे टाकतात. इथे कोळसा केवळ उष्णतेसाठी नसतो. त्यातला कार्बनच ऑक्सिजन ओढून घेतो. पुढे हे सिलिकॉन अतिशुद्ध करायला पुन्हा प्रचंड वीज लागते. पॅनलच्या निर्मितीतील प्रत्येक टप्प्यावर चीनचा जागतिक वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदवले होते, आणि जगभर पॅनल बनवायला लागणाऱ्या विजेपैकी ६० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची असल्याचेही.

काच वितळवायला गॅस लागतो. पॅनलची चौकट अ‍ॅल्युमिनियमची. एक किलो अ‍ॅल्युमिनियम गाळायला सुमारे १४-१५ युनिट वीज लागते आणि आपल्या देशात हे कारखाने बहुधा स्वतःच्या कोळशाच्या केंद्रांवर चालतात. आतले प्लास्टिकचे थर खनिज तेलापासून बनतात. मग पॅनल जहाजातून न्हावा-शेवासारख्या बंदरात उतरते. जहाज तेलावर चालते. तिथून डिझेलच्या ट्रेलरने उरण फाट्यावरून पुढे जाते.

पवनचक्कीचेही तसेच. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळ्याच्या साक्री तालुक्यात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांचा मनोरा पोलादाचा आहे, पाया सिमेंट-काँक्रीटचा आणि पाती तेलजन्य रेझिन व काचतंतूंची. पोलादाच्या झोतभट्टीत कोक लागतो आणि त्यासाठीचा कोळसा भारत बहुतांश आयात करतो. सिमेंटच्या भट्टीत कोळसा किंवा पेटकोक जळतो.

मग सोलर ढोंग आहे का?

नाही. आणि इथेच मोबाईलवरचा निरोप अर्ध्यावर थांबतो.

प्रश्न असा विचारायला हवा : पॅनल बनवताना जेवढे प्रदूषण झाले ते भरून काढायला त्याला किती काळ वीज द्यावी लागते? त्याच संस्थेच्या अभ्यासानुसार चार ते आठ महिने. पॅनलचे आयुष्य २५ ते ३० वर्षे धरतात. म्हणजे पहिल्या वर्षातच उधारी फिटते आणि पुढची चोवीस-पंचवीस वर्षे ते कोळसा वाचवत राहते. कोळशाच्या केंद्राचे उलट आहे. ते बांधतानाही पोलाद-सिमेंट लागते आणि बांधून झाल्यावर रोज, शेवटच्या दिवसापर्यंत, कोळसा लागतो.

विहाराचेच उदाहरण घेऊ. तीन किलोवॅटचा संच आपल्याकडे वर्षभराची सरासरी धरून दिवसाला सुमारे १२ युनिट देतो, म्हणजे वर्षाला साधारण ४,४०० युनिट. कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी वर्षाला सुमारे तीन टन कोळसा लागला असता. पंचवीस वर्षांत, पॅनलची झीज धरूनही, एका विहाराच्या छतामुळे साठ टनांहून अधिक कोळसा वाचू शकतो.

बौद्ध विचारात याला परके असे काही नाही. कोणतीही गोष्ट एकटी, स्वयंभू, आपोआप उत्पन्न होत नाही. कारणे आणि प्रत्यय एकत्र आल्यावरच ती होते. प्रतीत्यसमुत्पादाचा हा अर्थ सौर पॅनललाही लागू आहे. पण त्याच शिकवणीचा दुसरा भाग आपण विसरू नये : कारणे बदलली की परिणामही बदलतो. आज पॅनल कोळशाच्या विजेवर बनते. उद्या तो कारखाना सौर विजेवर चालला, तर पुढचे पॅनल कमी कोळशात बनेल. अवलंबन आहे म्हणून हातावर हात ठेवून बसायचे नाही. कुठला धागा आधी सोडवायचा, हे ते अवलंबन समजल्यावरच ठरवता येते.

डेटा सेंटर आणि कागदावरची हरित वीज

नवी मुंबईपुरता एक धागा वेगळा पाहायला हवा. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. आपण पाठवतो तो व्हिडिओ, बँकेचा व्यवहार, सरकारी कागद, या इमारतींमध्ये साठतो. त्या चोवीस तास चालतात, चोवीस तास थंड ठेवाव्या लागतात आणि वीज क्षणभरही जाऊ नये म्हणून आवारात डिझेल जनरेटरच्या रांगा असतात.

यातल्या अनेक कंपन्या हरित वीज वापरत असल्याचे सांगतात. ते खोटे नसते, पण हिशेब समजून घ्यावा लागतो. कंपनी दूरच्या सौर प्रकल्पाशी करार करते. तो प्रकल्प दुपारी वीज जाळ्यात सोडतो, कंपनी चोवीस तास जाळ्यातून वीज घेते, आणि ठरावीक काळाचा ताळमेळ घातला की दोन्ही आकडे जुळतात. कागदावर वीज शंभर टक्के हरित. पण रात्री दोन वाजता महाप्यातले ते सर्व्हर ज्या विजेवर चालतात, तिच्यात मोठा वाटा कोळशाचाच असतो.

शहराची मागणी अशी वाढत गेली की जुनी केंद्रे बंद करणे लांबते. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, माहुलच्या शेजारी, टाटांचे औष्णिक केंद्र आहे. तिथल्या कोळशाच्या संचांना मुदतवाढ मिळाली. २०२० च्या त्या अंधारानंतर महानगराला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या वाढवण्यावर भर आला आणि खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. वाहिनी गरजेची आहेच. पण वाहिनीला विजेचा रंग नसतो. तिच्यातून काय वाहणार, हे दुसऱ्या टोकाला काय आहे त्यावर ठरते.

दुसऱ्या टोकाला कोण आहे?

दुसऱ्या टोकाला चंद्रपूर आहे. महानिर्मितीचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र तिथे आहे आणि भोवती वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी. आपल्याला चंद्रपूर दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपूरला लाखोंना धम्मदीक्षा दिली. दरवर्षी तिथल्या दीक्षाभूमीवर जाणारी माणसे त्याच शहराची हवा छातीत भरून येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत होते. त्याच यादीत नवी मुंबईही होती. वीज पाठवणारे आणि वीज घेणारे, दोन्ही गावे एकाच यादीत.

आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते. घरात महिन्याला १०० युनिट वीज वापरली आणि ती पूर्ण कोळशाची धरली, तर सुमारे ७० किलो कोळसा जळतो आणि एकवीस ते अठ्ठावीस किलो राख मागे उरते. ती राख आपल्या नोडमध्ये येत नाही. ती चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या तलावांत साठते. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळा इथला राखेचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतात, ओढ्यांत, नदीत पसरले. नुकसान भोगणाऱ्यांत शेतकरी होते, शेतमजूर होते. अशा केंद्रांत आणि खाणींत कंत्राटी पद्धतीने राबणारी माणसे बहुतेक कोणत्या समाजांतून येतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता फायदा कोणाला मिळतो ते पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. योजना चांगली आहे. पण ती घेण्यासाठी नावावर वीजमीटर हवे, छतावर हक्क हवा आणि अनुदानापलीकडची रक्कम घालायची ऐपत किंवा कर्जाची पत हवी. दिघा, रबाळे, तुर्भे इथल्या वस्त्यांत आम्ही काम करतो. तिथे छत पत्र्याचे असते, जागा नावावर नसते, अनेक घरांत भाडेकरू राहतात आणि मीटर घरमालकाच्या नावे असते. सिडकोच्या छोट्या घरांत गच्ची सगळ्यांची, म्हणजे व्यवहारात कोणाचीच नसते. परिणाम असा, की बंगला आणि टॉवरचे बिल शून्याकडे जाते आणि पत्र्याच्या खोलीत पंख्याचेही बिल तेवढेच राहते. कोळशाची राख एका गरिबाच्या शेतात आणि सूर्याचे अनुदान दुसऱ्याच्या गच्चीवर, ही वाटणी नैसर्गिक नाही. ती माणसांनी केलेली आहे, म्हणून बदलता येते.

बाबासाहेब आणि वीज

काही कार्यकर्त्यांना वाटते, हा ‘पर्यावरणवाल्यांचा’ विषय आहे, आपला नाही. त्यांना थोडा इतिहास सांगायला हवा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणावरील समितीसमोर केलेल्या भाषणात त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला : औद्योगिकीकरणाशिवाय गरिबीचे चक्र तुटणार नाही आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही. वीज खाजगी नफ्याच्या हाती सोडावी की सरकारने सांभाळावी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच मांडला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज एकत्र आखण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आणि विजेचे धोरण आखणारे हेच मंत्री डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद भागातल्या कोळसा खाणीत खाली उतरून कामगार कसे राबतात, कसे राहतात ते पाहून आले. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. वीज सर्वांना हवी, आणि ती ज्यांच्या घामातून येते त्यांचे जगणेही सुधारायला हवे. बाबासाहेबांनी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत. आपणही करू नयेत.

आपण काय करायचे, काय मागायचे?

आधी आपल्या हातातले. विहारावर किंवा वसतिगृहावर सोलर बसवण्यापूर्वी वर्षभराची वीजबिले काढून पाहा : वीज किती लागते आणि कोणत्या वेळी लागते. वंदना, वर्ग, कार्यक्रम संध्याकाळी असतील, तर दिवसाची सौर वीज नेट मीटरने महावितरणकडे जाईल आणि संध्याकाळी जाळ्यातूनच वीज येईल. हरकत नाही, पण पाण्याचा पंप, संगणक वर्ग, अभ्यासिकेचे पंखे जितके दिवसा चालवता येतील तितके चालवा. घरगुती योजनेचे अनुदान ट्रस्टला मिळेल असे गृहीत धरू नका. आधी महावितरणच्या कार्यालयात विचारा. वीज गेल्यावरही अभ्यासिका चालू राहायला हवी असेल तर छोटी बॅटरी असलेला संच घ्या. ठेकेदाराकडून हमीपत्र आणि देखभालीचा करार लेखी घ्या.

मग मागणीचे. पहिली मागणी, ज्यांना छत नाही त्यांना वाटा. एका ठिकाणी सामूहिक सौर प्रकल्प उभारून त्याच्या विजेची वजावट अनेक घरांच्या बिलात करता येते. दिल्लीत अशा आभासी नेट मीटरिंगची नियमावली २०१९ पासून आहे. सिडको आणि महापालिकेच्या इमारती, बाजार, बस आगार, पार्किंग यांवर असे प्रकल्प उभारून त्यांची वीज वस्त्यांतील आणि छोट्या घरांतील कुटुंबांच्या बिलात का जमा होऊ नये? महापालिकेच्या प्रभागात हा प्रश्न आपणच मांडायला हवा.

दुसरी मागणी, रोजगाराची. पॅनल बसवणे आणि दुरुस्त करणे हे कौशल्याचे काम आहे. केंद्राचा सूर्यमित्र प्रशिक्षण कार्यक्रम २०१५ पासून आहे. आपल्या वस्तीतले किती मुलगे-मुली तिथे गेले? उंचावर चढून पॅनल बसवणाऱ्या मुलाला सुरक्षा पट्टा, विमा आणि किमान वेतन मिळते का, हेही विचारायला हवे. कोळशातली कंत्राटी पद्धत सौरमध्येही तशीच उतरली, तर फक्त इंधन बदलले, व्यवस्था नाही.

तिसरी मागणी, कोळसा पट्ट्यासाठी. चंद्रपूर-नागपूरचे जुने संच आज ना उद्या बंद होतील. कायम कर्मचाऱ्यांची बदली होईल. कंत्राटी कामगार, राख वाहणारे, टपरीवाले यांचे काय? २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर खाण जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आला आहे. तो रस्ते आणि इमारतींवरच संपतो की माणसांच्या आरोग्यावर आणि नव्या रोजगारावर खर्च होतो, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. इथल्या आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी हे काम मिळून करावे.

चौथी, मोठ्या ग्राहकांकडे. डेटा सेंटर हरित असल्याचे सांगत असेल तर वर्षाच्या बेरजेऐवजी तासातासाचा हिशेब मागायला हवा, आणि संध्याकाळच्या विजेसाठी साठवणुकीचा खर्च त्यांच्याकडूनच घ्यायला हवा.

पाचवी, पॅनलच्या म्हातारपणाची. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनलचा समावेश आहे आणि उत्पादकांवर जबाबदारी आहे. ती आजच पक्की केली नाही, तर वीस वर्षांनी फुटके पॅनल आपल्याच वस्त्यांतल्या भंगाराच्या दुकानांत येतील आणि ते फोडणारे हातही आपलेच असतील.

विहारावर सोलर जरूर बसवा. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापण्याआधी दहा मिनिटे हा हिशेब मुलांना सांगा : आपल्या छताने वर्षाला किती टन कोळसा वाचणार, रात्री अजून किती कोळसा लागणार, आणि तो कोणाच्या गावातून येणार. मग उद्घाटनाच्या त्याच सभेत, वस्तीतल्या बिनछताच्या घरांना सौर विजेत वाटा मागणाऱ्या निवेदनावर सह्या घ्या.